सोरायसिस: लाईट थेरपी, मेथोट्रेक्सेट की बायोलॉजिक? कॅन्सरची भीती कुठे धरायची आणि कुठे सोडायची

दिंडोरीकडे द्राक्षबाग असलेल्या माझ्या चुलतभावाला बारा वर्षांपासून सोरायसिस आहे. यंदा चट्टे पाठभर पसरले. नाशिकच्या त्वचारोगतज्ज्ञांनी तीन वाटा त्याच्यापुढे ठेवल्या: लाईट थेरपी म्हणजे किरणांचा उपचार, मेथोट्रेक्सेटची गोळी आणि बायोलॉजिक इंजेक्शनं. बाहेर आल्यावर त्याने मला एवढंच विचारलं, "दादा, यातलं काय घेतलं तर कॅन्सर होणार नाही?"

आधी आजाराचं बघू. तीव्र सोरायसिस असलेल्यांत कॅन्सरचं प्रमाण इतरांपेक्षा सुमारे 20 टक्के जास्त आढळलंय. आकडा ऐकून पोटात गोळा येतो. पण त्याचा अर्थ असा की जिथे शंभरात पाच जणांना झाला असता, तिथे सहा जणांना होतो. शिवाय बिडी-सिगारेट, दारू आणि वाढलेलं वजन या गोष्टी सोरायसिसच्या रुग्णांत जास्त दिसतात, आणि त्या स्वतःच कॅन्सरला बोलावतात. एक मात्र ध्यानात ठेवा. त्वचेचा लिम्फोमा, म्हणजे लिम्फ पेशींचा कॅन्सर, सुरुवातीला हुबेहूब सोरायसिससारखा दिसू शकतो. चट्टे कुठल्याच औषधाला दाद देत नसतील, तर बायोप्सीचं विचारायला संकोच करू नका.

लाईट थेरपीत दोन प्रकार आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. जुनी पुवा, म्हणजे त्वचेला किरण जास्त लागू व्हावेत म्हणून सोरालेनची गोळी घेऊन मग किरण. अमेरिकेत 1975 पासून अशा रुग्णांचा पाठपुरावा झाला आणि गोऱ्या कातडीच्या लोकांत, शेकड्यांनी सेशन झालेल्यांत, त्वचेचा कॅन्सर स्पष्ट वाढलेला दिसला. आपल्या सावळ्या कातडीला हा धोका बराच कमी. आज बहुतेक ठिकाणी देतात ती 311 नॅनोमीटरची नॅरोबँड, म्हणजे गोळीशिवाय दिलेले ठरावीक अतिनील किरण, आणि तिच्यामुळे कॅन्सर वाढल्याचं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. खरी अडचण वेगळीच. आठवड्यातून दोन-तीन फेऱ्या, आणि अशा वीस-तीस. ऑक्टोबर छाटणीच्या धांदलीत दिंडोरीहून नाशिकला कोण इतक्यांदा येणार?

मेथोट्रेक्सेट सगळ्यात स्वस्त. लिम्फोमाच्या तुरळक नोंदी आहेत, पण त्यातले कित्येक गोळी थांबवल्यावर आपोआप ओसरले. माझ्या मते इथे कॅन्सरपेक्षा यकृताची काळजी जास्त करावी. रोज संध्याकाळी बसणाऱ्याने आधी बाटली सोडावी, मगच ही गोळी. घरात मूल हवं असेल तर तेही डॉक्टरांना आधीच सांगा. आणि ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जीवावर बेतते. घरच्यांनी वार ठरवून कॅलेंडरवर खूण करावी.

बायोलॉजिक इंजेक्शनांचा धसका सगळ्यात मोठा, कारण ती प्रतिकारशक्तीत हात घालतात. अॅडालिमुमॅबच्या गटातल्या औषधांनी त्वचेच्या सौम्य कॅन्सरचा धोका थोडा वाढू शकतो, पण एकूण कॅन्सर वाढल्याचं वर्षानुवर्षांच्या नोंदींत दिसत नाही. सेक्युकिनुमॅबसारख्या नव्या औषधांचा अनुभव कमी वर्षांचा आहे, तरी अजून चिंतेचं काही नाही. पूर्वी कॅन्सर होऊन गेलेला असेल तर मात्र कॅन्सरतज्ज्ञांना विचारल्याशिवाय पहिलं इंजेक्शनही नको. आपल्याकडे मोठा प्रश्न टीबीचा. छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी झाल्याशिवाय सुरुवात करू देऊ नका. खर्च अजूनही जड आहे, पण 2014 च्या अखेरीस अॅडालिमुमॅबचं भारतीय रूप आल्यापासून तो थोडा आवाक्यात आलाय.

कॅन्सरची भीती खरी कुठे धरावी, तेही सांगतो. पुवाची बरीच सेशन झालेल्याने सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध घेणं. पन्नाशी ओलांडलेल्या, सिगारेट ओढणाऱ्या माणसाला टोफासिटिनिब ही प्रतिकारशक्तीवर काम करणारी गोळी: संधिवाताच्या अशा रुग्णांत कॅन्सर वाढलेला दिसलाय. आणि लेबल नसलेली पुडी. सोरायसिसवर पूर्वी सोमल (आर्सेनिक) सर्रास देत आणि त्यानेच पुढे त्वचेचा कॅन्सर होई. पुडीत काय आहे हे देणारा सांगत नसेल तर ती घेऊच नका.

भावाने बिडी सोडलीय, तीन आठवडे झाले. दारू त्याला सुटेल असं वाटत नाही, म्हणून मेथोट्रेक्सेट बाद. माल उतरला की नॅरोबँड सुरू करायचं ठरलंय. तोवर मलम, आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांना दाखवायला एक कागद: पूर्वी पुवाची किती सेशन झाली, घरात टीबी कुणाला होता, आठवड्याला दारू किती.