लेझर हवा मीटर: तापी खोऱ्यातल्या धुक्यात कितपत भरवशाचा?

पीएम २.५ (हवेतले २.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) दाखवणारे, हातात मावणारे लेझर मीटर चार-पाच हजारांत घरपोच मिळतात. ब्रँड कुठलाही असो, आतली रचना बहुधा एकच. छोटा पंखा हवा ओढतो, ती लेझरच्या झोतातून जाते आणि कणांवरून विखुरलेल्या प्रकाशावरून आकडा काढला जातो. कणांचे वजन होतच नाही. खानदेशच्या हिवाळ्यात सगळी गोम इथेच आहे.

धुरातले क्षार पाणी ओढतात. २५ अंशांना अमोनियम नायट्रेट साधारण ६२ टक्के आर्द्रतेला विरघळते, अमोनियम सल्फेट ८० टक्क्यांना. केळीच्या बागांना पाणी दिलेले, वारा पडलेला, पहाटेची आर्द्रता नव्वदीत. अशा वेळी तोच कण फुगतो आणि जास्त प्रकाश विखुरतो. दाट धुक्यात तर बारीक थेंबही धूळ म्हणून धरले जातात. सरकारी केंद्रांवरच्या बीटा-किरण यंत्रात (ते कणांनी किती किरण अडवले त्यावरून त्यांचे वजन काढते) येणारी हवा नळीतच तापवून सुकवतात. १२ अंशांची, ९५ टक्के आर्द्र हवा २० अंशांपर्यंत नेली तरी आर्द्रता ५७ टक्क्यांवर येते. (फार तापवली तर नायट्रेटच उडून जाते आणि आकडा उलटा कमी येतो.) या किमतीच्या मीटरमध्ये ही सोय नसते.

पण सगळा दोष धुक्यावर ढकलता येत नाही. सातपुडा आणि अजिंठ्याच्या रांगांमधल्या खोऱ्यात रात्री थंड हवा तळाला साचते, वर उबदार थर बसतो. मग वीटभट्ट्या, शेकोट्या आणि जाळलेल्या पऱ्हाट्यांचा धूर खालीच कोंडतो. शेजारच्या मळ्यात भरताची वांगी भाजायला काड्या पेटल्या आणि आकडा उसळला, तर तो खरा. धुराचा आकडा मिनिटांत चढतो-उतरतो; ओलाव्याचा आकडा आर्द्रतेच्या मागोमाग तासन्‌तास सरकतो.

त्यामुळे आर्द्रता दाखवणारा आणि नोंदी साठवणारा मीटर असेल तरच घ्या. तिथेही एक खोट आहे: पंखा आणि पडदा आतून तापतात. बाहेर १२ अंश आणि ९० टक्के असताना आत १६ अंश झाले, की आर्द्रता सत्तरीच्या आसपास दिसते. पडद्यावर साठच्या वर गेली की पीएमच्या आकड्याकडे संशयानेच बघावे. धुके विरल्यावर लगेच विश्वास ठेवायचीही घाई नको. अमोनियम सल्फेट एकदा भिजले की आर्द्रता चाळिशीच्या खाली आल्याशिवाय नीट सुकत नाही. दुपारी बारा ते चारचा आकडा त्यातल्या त्यात स्वच्छ.

अवकाळी पावसात हा मीटर आणखी फसवतो. थेंब मोठ्या धुळीला चांगले खाली आणतात; ०.१ ते १ मायक्रॉनचे कण मात्र थेंबाभोवतीच्या हवेबरोबर निसटतात. म्हणजे भुरभुर पावसाने पीएम १० (१० मायक्रॉनपर्यंतचे सगळे कण) उतरते, पीएम २.५ फारसे हलत नाही. आणि नेमके पीएम १० हे मीटर धड मोजत नाहीत. जड धूळ पंख्याने पुरेशी ओढली जात नाही, तो आकडा बराचसा अंदाजाने भरलेला असतो. पावसाचा खरा फायदा दिसत नाही, वाढलेला ओलावा तेवढा दिसतो.

क्षणाचा आकडा पीएम २.५ साठीच्या, दर घनमीटर हवेमागे ६० मायक्रोग्रॅमच्या सरकारी मर्यादेशी ताडून पाहू नये. ती २४ तासांच्या सरासरीची आहे.

मीटर दोन-अडीच मीटर उंचीवर, वळचणीखाली, चूल आणि न्हाणीपासून लांब टांगावा. सुरू केल्यावर पहिले अर्धे मिनिट सोडून द्यावे आणि दहा मिनिटांची सरासरी घ्यावी. थंडीतून घरात आणताना बंद पिशवीत पंधरा-वीस मिनिटे ठेवावा, नाहीतर आतल्या प्रकाशसंवेदकावर दव धरते. आकडा कारण नसताना अडकून बसला तर आधी पंख्याच्या तोंडाशी जाळे किंवा कीटक आहे का बघा. हातपंपाच्या फुग्याने झटकले तरी बहुतेकदा भागते, ओला कापूस आत घालू नये.

घरातली फोडणी, उदबत्ती, शेजारचा धूर यांसाठी पैसे वसूल. धुक्याच्या सकाळी फिरायला जावे की नाही, हे एकट्या या मीटरवरून ठरवू नये.