ईआरपी घेताय? डेमोत एकदा मध्येच नेटवर्क बंद करायला सांगा

विक्रेत्याचं नाव लिहीत नाही. नाव कळून फारसा उपयोगही नाही, कारण हीच युक्ती दुसऱ्या नावाने तुमच्या ऑफिसात येऊ शकते. मी साठा आणि हिशेब सांभाळते. सॉफ्टवेअर रोज वापरणार आम्ही, पण खरेदीच्या बैठकांना बसणारे वेगळेच. मला फक्त डेमोच्या दिवशी बोलावलं होतं.

आमच्याकडे विक्रीचं एक सॉफ्टवेअर, गोदामाचं दुसरं, हिशेबाचं तिसरं. एकाच ग्राहकाचे तिन्हीकडे तीन कोड आणि एकच ऑर्डर तीनदा भरायची. ठरलं असं की गोदाम आणि हिशेब नव्या ईआरपीत (म्हणजे साठा, ऑर्डरी, हिशेब असं कंपनीचं सगळं काम एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) न्यायचे, विक्रीचं सॉफ्टवेअर तसंच ठेवायचं आणि दोन्ही एकमेकांना जोडायची. ‘जोडणी आमच्या उत्पादनातच आहे, वेगळं काही लागत नाही, सगळं रिअल टाइम,’ असं प्रेझेंटेशनमध्ये होतं, प्रस्तावातही होतं. करारात मात्र ‘उपलब्ध इंटरफेसमार्फत माहितीची देवाणघेवाण’ एवढंच.

डेमो झकास झाला. विक्रीच्या स्क्रीनवर ऑर्डर टाकली, क्षणात ती ईआरपीत उमटली, साठा कमी झाला, हिरवी टिक आली. पुढे भांडण लागल्यावर त्यांनी स्वतःच ईमेलमध्ये लिहिलं की तो विक्रीचा स्क्रीन ‘केवळ संकल्पना दाखवण्यासाठी’ होता. म्हणजे आमच्या विक्रीच्या सॉफ्टवेअरसारखे रंग आणि रकाने काढून त्यांनी स्वतःच्याच डेटाबेसवर एक पान उभं केलं होतं. एकाच खोलीत दोन खिडक्यांतून डोकावलं तर आतलं सगळं एकाच वेळी हलताना दिसणारच!

प्रत्यक्षात काय मिळालं? ठरावीक वेळाने एक सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामाने रकाने वेगळे करणारी साधी मजकुराची फाइल) निघायची, सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये पडायची आणि दुसरा प्रोग्रॅम ती उचलायचा. फाइलने माहिती पाठवणं मुळात वाईट नाही, मोठमोठ्या संस्था वर्षानुवर्षं तसं करतात. पण तिथे किती ओळी निघाल्या, किती पोचल्या, किती नाकारल्या याचा ताळमेळ घेतला जातो. इथे हिरव्या टिकचा अर्थ फक्त ‘फाइल गेली’ एवढाच होता. ग्राहकाचा कोड जुळला नाही तर ती ओळ गुपचूप गळायची. नावात स्वल्पविराम असला की पुढचे सगळे रकाने एका घराने सरकायचे. कोणी फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली की कोडच्या सुरुवातीची शून्यं उडायची आणि तो कोड कोणाचाच राहायचा नाही. सगळ्यात वाईट म्हणजे फाइल अर्ध्यावर अडकली तर पूर्ण फाइल पुन्हा पाठवायची. आधी शिरलेल्या ऑर्डरी मग दुसऱ्यांदा शिरायच्या, कारण ‘हा ऑर्डर क्रमांक आधीच आलाय’ हे तपासायची सोयच नव्हती. महिनाअखेरीला साठा जुळेना, ग्राहक बिलं परत पाठवू लागले, आणि सपोर्टच्या प्रत्येक तिकिटावर एकच उत्तर: तुमचा डेटा स्वच्छ नाही.

हे उत्तर अर्धं खरं असतं, म्हणून ते इतकं चालतं. तीन कोडांचा गोंधळ आमचाच होता. पण तो निस्तरणं प्रस्तावात त्यांचं काम होतं आणि करारात ‘ग्राहकाची जबाबदारी’. दोन्ही कागद शेजारी ठेवून ओळीओळीने वाचा, मजा येते.

जुनी आणि नवी पद्धत काही काळ बरोबरीने चालवू, असं आम्ही सुचवलं होतं. ‘तो जुना विचार झाला,’ म्हणाले. अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीने १९९९ मध्ये एसएपी (ईआरपी बनवणारी), सीबल आणि मॅन्युजिस्टिक्स अशी तीन कंपन्यांची सॉफ्टवेअर एकत्र जोडून ऐन हंगामाच्या तोंडावर सगळी एकदमच चालू केली. गोदामात माल असूनही सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेत पोचल्या नाहीत. त्यांच्याकडे पैसा आणि माणसं दोन्ही होती, तरी हे झालं.

मग आला दुरुस्तीचा खर्च. खरी जोडणी हवी तर तिसऱ्याच कंपनीचं मिडलवेअर (दोन सॉफ्टवेअरना जोडणारं मधलं सॉफ्टवेअर) घ्या, त्याची वार्षिक फी वेगळी, एपीआय कॉलची (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याला पाठवलेल्या विनंत्यांची) मर्यादा ओलांडली की पुन्हा वेगळी. वर, विक्रीच्या सॉफ्टवेअरमधून ज्यांच्या ऑर्डरी ईआरपीत येतात ते सगळे ‘अप्रत्यक्ष वापरकर्ते’, म्हणून त्यांचीही लायसन्स. मला ही शुद्ध लबाडी वाटली, पण कोर्टात ती टिकू शकते. डियाजिओ या मद्य कंपनीने सेल्सफोर्स या विक्रीच्या सॉफ्टवेअरवर बांधलेली ऑर्डरप्रणाली एसएपीला जोडली होती. त्यावर एसएपीने ५ कोटी ४० लाख पौंडांहून जास्त मागितले आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने, असा वापर करणाऱ्यांनाही लायसन्स लागतं, असा निकाल दिला. रक्कम त्या निकालात ठरली नव्हती, तरी व्हायचा तो धसका उद्योगाने घेतलाच. तेव्हा बाहेरून येणाऱ्या ऑर्डरीला माणसाचं लायसन्स लागतं, तयार होणाऱ्या ऑर्डरी-बिलांच्या संख्येवर पैसे लागतात की काहीच लागत नाही, हे सहीआधी लेखी घ्या.

संदर्भासाठी त्यांनी एका जुन्या ग्राहकाचा नंबर दिला होता. गृहस्थ समाधानी होते, खोटं काही बोलले नाहीत. ते फक्त हिशेबाचं मॉड्यूल वापरत होते. बाहेरच्या कुठल्याही सॉफ्टवेअरशी त्यांची जोडणीच नव्हती.

ते ईआरपी सोडताना शेवटचा फटका. डेटा मागितला तर पीडीएफचा गठ्ठा आणि एक सपाट एक्सेल हातात. बिलं सगळी आहेत, पण कोणतं बिल कोणत्या ऑर्डरीचं हे सांगणारा क्रमांक गायब. पूर्ण बॅकअपला वेगळा दर. डेटा कुठल्या स्वरूपात, किती दिवसांत, किती पैशांत परत मिळेल, हे करारात कुठेच नव्हतं.

आता नवीन विक्रेते येतात तेव्हा मी आमचीच घाण फाइल घेऊन बसते: नावात स्वल्पविराम, शून्याने सुरू होणारा कोड, एकच ऑर्डर दोनदा. आमच्याच विक्रीच्या सॉफ्टवेअरमधून ऑर्डर सोडायची, मध्येच नेटवर्क बंद करायचं, आणि काय अडकलं हे त्यांच्या इंजिनिअरच्या नाही, माझ्या स्क्रीनवर दाखवायचं. एकाने ‘हे डेमोच्या व्याप्तीत येत नाही’ म्हणून लॅपटॉप मिटला. दुसऱ्याकडेही ऑर्डर अडकली, पण अडकलेल्यांची यादी कारणांसकट समोर आली आणि दुसऱ्यांदा पाठवल्यावर एकच ऑर्डर राहिली. त्याच्याशी बोलणी चालू आहेत. हेच सगळं कराराच्या परिशिष्टात लिहून द्यायला सांगितलंय, ते अजून आलेलं नाही.