उजवा डोळा खासगीत, डावा एनएचएसमध्ये

मोतीबिंदूचं निदान झालं, ऑप्टिशियनने तीन-चार ठिकाणांची यादी पुढे केली आणि आता कुठे जायचं, असा प्रश्न इंग्लंडमधल्या बऱ्याच मराठी घरांत पडलेला असतो. खासगी केंद्र असो वा सरकारी रुग्णालय, खर्च एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवाच करते, त्यामुळे पैशाचा मुद्दा नाही. माझा उजवा डोळा खासगी केंद्रात झाला, डावा जवळच्या एनएचएस रुग्णालयात.

खासगीत सहा आठवड्यांत नंबर लागला. पार्किंग दारात, मंडळी आदबशीर, शस्त्रक्रिया सुरेख. एनएचएसमध्ये आठ महिने थांबलो. त्या काळात रात्री गाडी चालवणं बंद झालं, आणि हा त्रास लहान नाही.

तरीही माझं मन वळलं ते उजव्या डोळ्याच्या तिसऱ्या दिवशी. शनिवारी संध्याकाळी डोळा लाल झाला, ठणकायला लागला. केंद्राच्या नंबरवर फोन केला, तर ‘जवळच्या रुग्णालयातल्या नेत्र-तातडी विभागात जा’ असं सांगितलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, कोणती लेन्स बसवली? शस्त्रक्रियेत काही अडचण आली होती का? माझ्याकडे थेंबांच्या वेळा लिहिलेला एक कागद, बाकी काही नाही. केंद्राची कागदपत्रं त्यांच्या संगणकावर दिसत नव्हती आणि केंद्र उघडणार सोमवारी. चार तास बसलो. सुदैवाने साधी सूज निघाली, थेंब वाढवून भागलं. पण मला मधुमेह आहे. त्या चार तासांत मनात काय काय येऊन गेलं ते सांगवत नाही.

मग या यादीमागचे नियम वाचून काढले. 2008 पासून इंग्लंडमध्ये रुग्णाला एनएचएसच्या खर्चाने खासगी ठिकाणही निवडता येतं. (बहीण वेल्समध्ये राहते, तिकडे असा हक्कच नाही.) 2013 च्या नियमांनी एनएचएससाठी सेवा विकत घेणाऱ्या स्थानिक गटांना बजावलं, की रुग्णहिताला बाधा येईल अशा रीतीने स्पर्धा रोखायची नाही, लक्ष ठेवायला मॉनिटर ही संस्था होती. 2022 च्या कायद्याने ती चौकट मोडीत निघाली, आणि 1 जानेवारी 2024 पासून आलेल्या नव्या पद्धतीत दर वेळी निविदा काढायची सक्ती उरली नाही. रुग्णाचा हक्क मात्र टिकला. जिथे कायद्याने निवड दिली आहे, तिथे पात्र केंद्रांची संख्या खरेदीदाराला मर्यादित करता येत नाही. यादी लांब असते ती त्यामुळे. हे मला मनापासून पटतं. पण हा हक्क पहिल्या भेटीचं ठिकाण निवडण्याचा. शनिवारी रात्री डोळा दुखला तर कुणाकडे जायचं, हे ती यादी सांगत नाही.

तुमची प्रकृती ठणठणीत असेल, दुसरा कसला आजार नसेल आणि नोकरीसाठी नजर लवकर हवी असेल, तर खासगीत जायला माझी ना नाही. माझ्या एका अनुभवावरून सगळी केंद्रं तशीच, असंही म्हणणार नाही. फक्त नाव पक्कं करण्याआधी फोन करून विचारा: सुट्टीच्या दिवशी डोळा कोण तपासतं, आणि माझी कागदपत्रं रुग्णालयाला दिसतात का? मधुमेह, काचबिंदू असं काही सोबत असेल, तर मला वाटतं एनएचएस रुग्णालयातल्या नंबरासाठी थांबलेलं बरं.

डाव्या डोळ्यासाठी मी ऑप्टिशियनकडून नव्याने रेफरल घेतलं. शस्त्रक्रियेनंतर रविवारी जरा शंका आली म्हणून रुग्णालयात फोन केला. मी लेन्सबद्दल सांगू लागलो, तर नर्स म्हणाली, ‘समोरच आहे सगळं, तुम्ही फक्त दुखतंय कुठे ते सांगा.’