तीन थरांच्या गुलाबाचं क्रोशे किट: सूत छान, कागद कच्चा

मडगावच्या बाजारात शिवणसामानाच्या दुकानात मिळणारं हे किट 650 रुपयांना आहे. डब्यात 25 ग्रॅमचे पाच सुती गुंडे, अडीच मिलिमीटरची क्रोशाची सुई, टोकं लपवायला बोथट सुई, सहा ब्रोच पिना आणि कृतीचा कागद. चवथीला घरी येणाऱ्यांना किंवा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून फुलं द्यायची असतील, तर सुतासाठी हे किट जरूर घ्या. कागदावर मात्र भिस्त ठेवू नका.

सूत मर्सराइज्ड आहे, म्हणजे कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केलेलं. त्याने चकाकी येते आणि टाका ठसठशीत उठतो. थरांच्या फुलाला नेमकं हेच लागतं. केसाळ लोकरीत पाकळ्यांच्या कडा एकमेकींत मिसळतात आणि थर वेगळे दिसतच नाहीत. एका फुलाला साधारण 8 ते 10 मीटर सूत जातं. रंगांत अबोली फार सुंदर जमलाय, थेट वेणीतला. पानांचा हिरवा तेवढा भडक आहे. लाल सूत ओल्या पांढऱ्या कापडावर घासलं की डाग उतरतो, तेव्हा साडीवर टाचायच्या फुलाला लाल नको.

आता कृती. त्यातले सिंगल, हाफ डबल आणि डबल हे क्रोशाचे टाके, या क्रमाने एकापेक्षा एक उंच. 5 साखळ्यांचं कडं, त्यावर 6 डबल क्रोशे आणि प्रत्येक दोहोंमध्ये 3 साखळ्या, म्हणजे सहा खिडक्या तयार होतात. प्रत्येक खिडकीत एक सिंगल, एक हाफ डबल, तीन डबल, एक हाफ डबल, एक सिंगल: ही पहिल्या थराची पाकळी. पुढच्या थरासाठी फूल उलटं धरायचं, पहिल्या फेरीतल्या डबलच्या दांड्याला मागून सुई घालून सिंगल विणायचा आणि 5 साखळ्यांची कमान टाकायची. ही कमान पाकळीच्या मागेच राहिली पाहिजे. ती पुढे आली तर वरची पाकळी दबते आणि फुलाचा उठाव जातो. या कमानींत पाच-पाच डबलच्या पाकळ्या भरायच्या.

कागद इथेच चुकतो. तिसऱ्या थरालाही त्यात 5 साखळ्याच दिल्यात आणि पाकळीत डबल मात्र सात. कमान आखूड पडते, घेर ताणला जातो आणि शेवटचा थर वाटीसारखा आत वळतो. 7 साखळ्या घ्या, फूल सपाट बसेल. हात सैल असेल तर 6 पुरतात. जास्त झाल्या तर कडेला झालर सुटते.

टाके अमेरिकन पद्धतीचे की ब्रिटिश, हेही कागदावर छापलेलं नाही. ब्रिटिश पद्धतीत ‘सिंगल’ नावाचा टाका नसतो आणि इथे तो आहे, त्यामुळे कृती अमेरिकन समजायची. ब्रिटिश व्हिडिओ बघून विणलं तर तिथला ‘डबल’ हा इथला सिंगल असल्याने पाकळ्या खुज्या होतात.

सूत 5 सेंटिमीटरवर कापायला सांगितलंय, तेही ऐकू नका. हे सूत निसरडं आहे, एवढंसं टोक चार दिवसांत बाहेर येतं. 15 सेंटिमीटर ठेवा. एकदा एका दिशेने आणि मग उलट दिशेने ओवा.

ताठपणासाठी कागद मैद्याची खळ सुचवतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात खळ दमट होऊन फूल लोंबतं, बुरशी धरतं आणि झुरळांना आमंत्रण मिळतं ते वेगळंच. त्यापेक्षा पाकळ्या टाचण्यांनी ताणून वरून वाफ द्या, इस्त्री टेकवू नका, आणि पूर्ण वाळल्यावरच टाचण्या काढा. सुती फुलाला एवढं पुरतं. ॲक्रिलिकवर हा प्रयोग नको, जास्त वाफेने ते कायमचं लुळं पडतं.

किटमधल्या पिना साध्या लोखंडाच्या, वरून मुलामा दिलेल्या आहेत. खाऱ्या हवेत त्यांना गंज चढतो आणि डाग सुतात उतरतो. तो धुऊन जात नाही. स्टेनलेस स्टीलच्या पिना वेगळ्या घ्या. फुलाच्या मागे 3 सेंटिमीटरचं फेल्टचं गोल कापड शिवून पिन त्यावर टाचा, म्हणजे वजनाने फूल पुढे झुकणार नाही. भेट बांधताना प्लास्टिकची पिशवी टाळून कागदी खोका वापरा आणि एकावर एक फुलं रचू नका, तिसरा थर दुमडतो.