जुना ट्रेलर, दुसरी बोट : आठ महिन्यांनंतर

गेल्या महिन्यात बोट पाण्यात उतरवली, थ्रॉटल पूर्ण दिला आणि वेग ताशी ४२ किलोमीटरच्या पुढे सरकेना. हीच बोट घेतली तेव्हा ४६ सहज गाठायची. प्रॉपेलर तोच, इंजिनाची सर्व्हिस नुकतीच झालेली, तळाला शेवाळ नाही. शिवाय नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, खाली दबलेली, कितीही ट्रिम केलं, म्हणजे इंजिनाचा कोन बदलला, तरी उचलत नव्हती. दोन दिवस मी इंजिनालाच दोष देत होते. तिसऱ्या दिवशी धाकटा भाऊ ट्रेलरखाली आडवा झाला, ट्रान्समजवळ, म्हणजे इंजिन लागतं त्या मागच्या भिंतीजवळ, तळाला लांब सरळ पट्टी लावली आणि म्हणाला, "ताई, इकडे ये, पट्टी टेकत नाहीये." मी वाकून पाहिलं तर पट्टी आणि तळ यांच्यामधून पलीकडचा उजेड दिसत होता. मोजलं, ४ मिलिमीटर.

आठ महिन्यांपूर्वी हा ट्रेलर मी नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत घेतला. तो बनला होता सपाट तळाच्या अ‍ॅल्युमिनियम बोटीसाठी. माझी बोट फायबरग्लासची, व्ही आकाराच्या तळाची, ४.८ मीटर. लांबी बसते, वजन बसतं, सांगाडा गॅल्व्हनाइज्ड आणि निरोगी. एवढं पाहून घेतला आणि तेवढ्यापुरता निर्णय आजही बरोबरच वाटतो.

वजनाचा हिशेब मात्र मी नीट केला होता, तो देते, कारण माहितीपत्रकातलं वजन कोरड्या बोटीचं असतं आणि त्यावर विसंबून लोक फसतात. बोट ४१० किलो, इंजिन १००, ५० लिटर पेट्रोल म्हणजे ३७, बॅटरी २०, नांगर-दोर-जॅकेटं मिळून ४०. झाले ६०७. ट्रेलरचं स्वतःचं वजन २१०. एकूण ८१७ आणि ट्रेलरच्या पाटीवर कमाल एकूण वजन १००० किलो. म्हणजे हात राखून.

व्ही तळामुळे पहिल्याच दिवशी दोन गोष्टी बदलाव्या लागल्या. ट्रेलरवर ज्या फळ्यांवर बोट टेकते त्या सपाट बोटीसाठी आडव्या झोपलेल्या होत्या, माझा तळ त्यांच्या नुसत्या आतल्या कडेवर टेकायचा आणि कील, म्हणजे तळाचा मधला कणा, ट्रेलरच्या मधल्या आडव्या पट्टीला घासायची. ब्रॅकेट ढिले करून फळ्या तळाच्या उतारानुसार तिरक्या केल्या आणि कीलखाली ३ सेंटीमीटर मोकळे राहतील इतक्या उचलल्या. तळावरच्या उभ्या पट्ट्या, म्हणजे स्ट्रेक, फळीवर येऊ द्यायच्या नाहीत. फळी दोन स्ट्रेकच्या मधल्या सपाट भागाखाली हवी, नाहीतर सगळा भार एका बारीक धारेवर येतो. टेकण नीट आहे का ते कागदाची पट्टी सरकवून कळतं : जिथे कागद सहज आत जातो तिथे फळी नावापुरती आहे. हे सगळं एका दुपारचं काम.

चूक झाली ती पुढे. पहिल्या महिन्यात रस्त्यावर ट्रेलर शेपटी हलवायला लागला. ताशी ७० च्या वर गेलं की गाडीचा मागचा भाग कोणीतरी डावीउजवीकडे ओढतंय असं वाटायचं. वजनकाट्यावर लाकडी ठोकळा ठेवून हिचवरचा, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडतो त्या जागेवरचा, भार मोजला, पूर्ण सामानासह आणि गाडीच्या हिचइतक्या उंचीवर. २४ किलो, म्हणजे एकूण वजनाच्या ३ टक्क्यांच्याही आत. बोटीच्या ट्रेलरला हा भार साधारण ५ ते १० टक्के लागतो. कमी असला की शेपटी हलते, जास्त झाला की गाडीची मागची बाजू बसते आणि पुढची चाकं हलकी होतात.

मी एक्सलचे, म्हणजे चाकांच्या दांड्याचे, यू-बोल्ट सोडले आणि एक्सल १६ सेंटीमीटर मागे घेतला. भार ५७ किलो झाला, बरोबर ७ टक्के. ट्रेलर रुळावर असल्यासारखा सरळ यायला लागला. तेव्हा मला इतका आनंद झाला होता की ज्याला त्याला मी सांगायचे, एक्सल सरकवा, बाकी काही करू नका. तो सल्ला मी आज मागे घेते. कोणी माझं ऐकून तसं केलं असेल तर त्यांनी आज बोटीच्या मागे जाऊन बघावं.

कारण एक्सल सरकवून शेपटी थांबली, पण बोट फळ्यांवर होती तिथेच राहिली आणि फळ्या ट्रान्समच्या १४ सेंटीमीटर अलीकडे संपत होत्या. ट्रान्समवर १०० किलोचं इंजिन. त्यावर प्रत्येक फेरीला मी मागचे पट्टे रॅचेटने करकचून आवळायचे, सुरक्षित राहावं म्हणून. म्हणजे जिथे खालून काहीच आधार नाही नेमकं तिथेच वरून खेचत होते, आणि प्रत्येक खड्ड्यात तो भार उसळून पुन्हा आदळत होता. फळीच्या टोकापाशी तळ आत दबला, मागची कड खाली झुकली. याला हुक म्हणतात. पाण्यात तो हुक मागची बाजू वर ढकलतो, नाळ खाली दाबतो आणि वेग खातो. माझे ४ किलोमीटर तिथे गेले.

यात एका वर्कशॉपचा वाटा आहे आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. फळ्या मागे कमी पडतात हे मला दुसऱ्याच महिन्यात खटकलं होतं. तिथे दाखवलं तर उत्तर मिळालं, विंचचा, म्हणजे बोट ओढून घ्यायच्या चरखीचा, खांब, ज्याला नाळ टेकते, तो वेल्ड केलेला आहे, बोट पुढे जाणार नाही, फळ्या लांब करून मागे नवे ब्रॅकेट जोडावे लागतील. मोठा खर्च सांगितला. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तेच. खर्च टाळायचा म्हणून मी गप्प बसले. आता भावाने खांबाच्या बुडाशी स्क्रूड्रायव्हरने खरवडलं, तर जाड रंगाचा पापुद्रा निघाला आणि खाली नटाचं षटकोनी डोकं. चार नट, दोन यू-बोल्ट. गंजविरोधी तेल मारून रात्रभर ठेवलं, सकाळी पान्ह्याने सुटले. कोणीही न खरवडता मला वेल्ड म्हणून सांगितलं होतं.

खांब १७ सेंटीमीटर पुढे घेतला. आता फळ्या ट्रान्समच्या ३ सेंटीमीटर पलीकडे जातात. पण हिचवरचा भार मोजला तर ८३ किलो, आणि माझ्या गाडीच्या हिचची मर्यादा ७५ आहे. मग एक्सल पुन्हा पुढे, १३ सेंटीमीटर. शेवटी भार ५६-५७ वर आला. म्हणजे एक्सल मुळात होता तिथून आता जेमतेम ३ सेंटीमीटर मागे आहे. आधी बोट ट्रान्समसकट फळ्यांवर घेतली असती, तर एक्सलला जवळपास हातच लावावा लागला नसता. म्हणून दुसऱ्या बोटीचा ट्रेलर घेणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं : बोट ठेवल्यावर पहिलं मागे जा, खाली वाका आणि फळीचं टोक कुठे आहे ते हाताने चाचपा. लांबी, टायर, दिवे नंतर.

बाकी थोडक्यात. टायरवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, माझ्यावर २३१७ होतं, म्हणजे २०१७ चा २३वा आठवडा. नक्षी नव्यासारखी, पण बाजूला बारीक चिरा, म्हणून लगेच बदलले. बेअरिंग पहिल्याच आठवड्यात उघडून मरीन ग्रीस भरलं. रस्त्यावरून आलेले चाकांचे गरम हब, म्हणजे बेअरिंग बसतात ते मधले भाग, थेट गार पाण्यात गेले की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं, त्यामुळे उतरवण्याआधी मी ते निवू देते. आठ महिन्यांत एकदाही हब तापलेला नाही. रोलर सगळे काढून टाकले होते, पण मागचा एक कील-रोलर पुन्हा बसवला. आडव्या वाऱ्यात बोट चढवताना तो कीलला मध्यावर आणतो, एकटीने काम होतं.

हुकचं काय झालं ते बरेच जण विचारतील. बोट तीन आठवडे पेट्रोल काढून, मागचे पट्टे सैल ठेवून, नीट आधारावर उभी होती. काल पट्टी लावली, फट ४ वरून ३ मिलिमीटरवर आली आहे. वेग ४३. खांबाच्या आणि एक्सलच्या नव्या जागेवर पांढऱ्या रंगाच्या रेघा मारल्या आहेत, बोल्ट सरकले तर लगेच दिसावं म्हणून. पट्टी पुढच्या महिन्यात पुन्हा लावणार आहे.