पिकअप वाढला तो डिझेलनं, इंजिनानं नव्हे

बेळगाव-खानापूर पट्ट्यात सध्या जुन्या बोलेरो पिकअपला 'रिमॅन्युफॅक्चर्ड परफॉर्मन्स इंजिन' बसवून देतो म्हणणारे फिरतायत. कंपनीसारखं नव्यानं बनवलेलं, टेस्ट केलेलं, वर जादा ताकद, आणि जुनं इंजिन त्यांना दिलं की नव्वद हजारात काम. मी दिले. गाडी आता दारात उभी आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

गाडी गोव्याला भाजी नेणारी, मीच चालवतो. २५२३ सीसीचं डीआय इंजिन, कॉमन रेलच्या (कॉम्प्युटरनं डिझेल सोडणाऱ्या पद्धतीच्या) आधीचं, मेकॅनिकल पंपाचं. परतीला चोर्ला घाट चढताना मागं नुसते रिकामे क्रेट असले तरी दम टाकायची. दुकान बॉर्डरच्या पलीकडं, कोल्हापूरच्या बाजूला. इंजिन दाखवलं तेव्हा चंदेरी रंग चकाकत होता, प्लॅस्टिकचं आवरण, वर चमकणारा स्टिकर. बसवून ट्रायलला नेलं तर चढावर गाडी तिसऱ्या गिअरवर खेचत होती. आता यापुढं कोण शंका घेणार?

ती खेच कशी आणली ते समजून घ्या, कारण फसवणूक तिथंच आहे. या जुन्या पंपांवर जास्तीत जास्त डिझेल किती जावं हे ठरवणारा एक स्क्रू असतो. कॅलिब्रेशन झालं की त्याला तार ओवून शिशाचं सील मारतात. सील तोडून स्क्रू फिरवला की डिझेल वाढतं आणि पिकअप, म्हणजे खेच, लगेच जाणवतो. पण हवा तेवढीच असते, त्यामुळं जादाचं डिझेल नीट जळत नाही. काळा धूर येतो, एक्झॉस्ट तापतो आणि चढावर लोड पडला की हेड, गॅस्केट, पिस्टन सगळ्यांवर ताण येतो. आवाज नि धूर झाकायला नेहमीपेक्षा घट्ट ऑइल आणि वर डबाभर अ‍ॅडिटिव्ह. पहिलं ऑइल बदलेपर्यंत सगळं गोडीगुलाबीत चालतं.

माझ्या गाडीचं हेड गॅस्केट कणकुंबीच्या अलीकडं गेलं. रेडिएटरमधून बुडबुडे, पाणी मिसळून ऑइल चहासारखं. ओढत आणली आणि उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये इंजिन उघडलं. तिथल्या वयस्कर मिस्त्रींनी काही न बोलता माझं बोट धरून सिलिंडरच्या आत वरच्या कडेला फिरवलं. नख अडकलं. रिंग जिथपर्यंत जाते तिथपर्यंत भिंत झिजून तिथं धार उभी राहिली होती. बोअरिंग झालेल्या, म्हणजे आतून नव्यानं कापून घेतलेल्या सिलिंडरला अशी धार नसते, उलट होनिंगच्या (शेवटच्या घासाईच्या) तिरक्या रेघा दिसतात. पंपाकडं बघितलं तर तारेचा तुकडा नुसता लोंबकळत होता आणि स्क्रूच्या खाचेतला चंदेरी रंग खरवडलेला. "खाली कुणी हातच लावलेला नाही ओ," मिस्त्री म्हणाले, "धुऊन रंगवलंय नुसतं."

खरं काम केलेलं असेल तर त्याच्या खुणा असतात. बोअरिंग केलं तर पिस्टन ओव्हरसाइज घालावा लागतो, आणि ०.२५, ०.५० असा आकडा पिस्टनच्या डोक्यावर मारलेला असतो. क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) ग्राइंड केला तर बेअरिंगच्या पाठीवर तसाच आकडा सापडतो. मशीन शॉपची मापांची चिठ्ठी मिळते, हेडची प्रेशर टेस्ट आणि पंपाचं कॅलिब्रेशन यांची वेगळी बिलं मिळतात. आणि हे सगळं मनापासून केलं तरी इंजिनाला त्याची मूळ ताकद परत मिळते, एवढंच. जादा हवी तर टर्बो, पिस्टन, कूलिंग असं बरंच बदलावं लागतं, ते नव्वद हजारात कुणीही देणार नाही.

इंजिनापेक्षा मोठा घोळ इंजिन नंबरचा. बसवतानाच दुकानदार म्हणाला होता, "तुमचाच नंबर पंच करून देतो, टेन्शन नको." मी नको म्हटलं. असा पंच केलेला नंबर पोलिसांच्या नजरेत आला की गाडी चोरीची नाही हे सिद्ध करत बसावं लागतं. मग इंजिन ज्या गाडीचं त्या गाडीची कागदपत्रं देतो म्हणाला, ती आजतागायत आलेली नाहीत. आरसीवर एक नंबर, ब्लॉकवर (इंजिनाच्या मुख्य धडावर) दुसरा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं असा बदल आरटीओकडं नोंदवावा लागतो, आणि कागदाशिवाय तिथं कोण दाद देणार? त्यामुळं एफसी (फिटनेस सर्टिफिकेट) अडकली, विम्यावरही भरवसा राहिला नाही. माझं जुनं इंजिन मागायला गेलो तर म्हणे ते भंगारात गेलं. बदली करायचीच असेल तर नवीन नंबर आरसीवर चढेपर्यंत जुना ब्लॉक सोडू नका.

पैसे मागितल्यावर उत्तर आलं, "केस करायची तर इकडं येऊन करा." गाडी केएची, दुकान एमएचचं, माणूस दमून गप्प बसेल हा त्यांचा हिशेब. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीही नाही. मी बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगातच दाखल केली. दुकानदाराच्या वकिलांचा पहिला मुद्दा असा की गाडी धंद्याची, म्हणजे मी ग्राहकच नाही. कायद्यात मात्र स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू 'व्यापारी हेतू'त धरत नाहीत. त्यासाठी मी स्वतःचं लायसन्स, परमिट आणि भाजी अडत्याच्या पावत्या जोडल्यात.

माझ्याकडं पक्कं बिल नव्हतं. कच्ची पावती, फोनवरून केलेलं पेमेंट आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला 'एक वर्ष गॅरंटी' हा मेसेज एवढ्यावर सगळं उभं आहे. त्याच दुकानातून आणखी कुणी इंजिन घेतलं असेल तर चॅट डिलीट करू नका आणि इंजिन उघडताना प्रत्येक पार्टचा फोटो काढून ठेवा. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. आधी विचारायचं असेल तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.