काठमांडूचं इंटरनेट: भैरहवा, रसुवागढी की उपग्रह?

काठमांडूतल्या बँकेची, इस्पितळाची किंवा परदेशी कामं घेणाऱ्या कंपनीची जोडणी ठरवायची असेल तर पर्याय तीनच: भारतातून येणारी फायबर केबल, चीनमधून येणारी, आणि उपग्रह. नेपाळला समुद्र नाही. समुद्राखालच्या केबलपर्यंत पोचायचं तर कुणाच्या तरी अंगणातून जावं लागणारच.

दक्षिणेकडच्या केबल भैरहवा, वीरगंज आणि विराटनगरला सीमा ओलांडतात आणि पुढे मुंबई-चेन्नईच्या किनाऱ्यावर समुद्राला मिळतात. काठमांडूतून युरोपला गेलेली मेल वर्सोव्याच्या वाळूखालून गेली असेल, हे मुंबईकरांच्या गावीही नसतं. सपाट प्रदेश, जुनं जाळं, स्पर्धेमुळे उतरलेले दर, आणि मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर भारतातच. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे दर हजार किलोमीटरला जाऊन-येऊन १० मिलिसेकंद. त्यामुळे जवळचा सर्व्हर केव्हाही बरा.

उत्तरेकडची केबल जानेवारी २०१८ मध्ये सुरू झाली. चीनकडचं केरुंग आणि नेपाळकडची रसुवागढी या सीमानाक्यावरून येणाऱ्या या केबलमुळे भारताची मक्तेदारी संपली अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. सुरुवातीची क्षमता होती दीड जीबीपीएस, म्हणजे सेकंदाला दीड गिगाबिट. एवढ्यावर देश चालत नाही. वाट हिमालयातली, दरडींची. ८ जुलै २०२५ च्या पुरात तर रसुवागढीचा मैत्री पूलच वाहून गेला. तरी हिला मोडीत काढू नका. ही वाट हाँगकाँगकडे जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये लाल समुद्रात केबल तुटल्या आणि भारताची पश्चिमेकडची इंटरनेट वाहतूक मंदावली, अशा वेळी पूर्वेकडे उघडणारं दार हाताशी असलेलं बरं. (चेन्नईहून सिंगापूरलाही जाता येतं, हे मात्र विसरू नका.)

पण नेपाळचं इंटरनेट बंद पडायला दर वेळी पूर किंवा दरड लागत नाही. मे २०२४ मध्ये एअरटेलने थकबाकीपोटी बँडविड्थ रोखली आणि देशाच्या मोठ्या भागाचं इंटरनेट काही तास कोलमडलं. सेवा कंपन्यांना भारतात पैसे पाठवायला लागणारी परकीय चलनाची परवानगी सरकारने अडवून धरली होती, कारण सरकारचा आणि कंपन्यांचा शुल्काचा वाद. केबल शाबूत होती, अडकली होती ती फाइल. म्हणून पुरवठादाराला वेग नंतर विचारा. आधी विचारा, तुमचे वरचे पुरवठादार (ज्यांच्याकडून तुम्ही बँडविड्थ विकत घेता ते) किती, आणि त्यांची देणी चुकती आहेत का?

दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा. ‘आमच्याकडे दोन मार्ग आहेत’ असं सगळेच सांगतात. भैरहवा आणि वीरगंज नकाशावर दूर दिसतात, पण काठमांडूकडे येताना दोन्ही केबल नारायणगढ-मुगलिनच्या रस्त्याला लागत असतील तर तो मार्ग एकच. १२ जुलै २०२४ ला याच रस्त्यावर सिमलतालच्या दरडीने दोन बस त्रिशूली नदीत ढकलल्या. तेव्हा सीमेवरचा नाका नव्हे, दरीतला रस्ता कुठला ते कागदावर मागा. केबल विजेच्या खांबांवरून येते का, हेही विचारा. खांबांच्या भाड्यावरून वीज प्राधिकरण आणि कंपन्या यांची भांडणं नेहमीची, आणि त्यात तारा कापल्या गेल्या आहेत.

उपग्रहाचं थोडक्यात. भूस्थिर उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर, बोलताना अर्ध्या सेकंदाचा अडथळा. साडेपाचशे किलोमीटरवरच्या स्टारलिंकला तो त्रास नाही. भूतानमध्ये ती सेवा २०२५ मध्ये आली. नेपाळमध्ये दूरसंचारात परकीय मालकीला ८० टक्क्यांची मर्यादा आहे आणि तिथेच गाडं अडलं. मुस्ताङ-हुम्ल्यासारख्या दुर्गम डोंगरी जिल्ह्यांतल्या आरोग्यचौकीसाठी उपग्रह योग्य, राजधानीतल्या बँकेच्या रोजच्या भारासाठी नाही.

माझं मत विचाराल तर मुख्य भार दक्षिणेकडेच ठेवा, पण दोन वेगळ्या भारतीय कंपन्यांवर आणि दोन वेगळ्या रस्त्यांनी. उत्तरेकडून थोडीशीच क्षमता घ्या, पैसे देणं आणि निरोप पाठवणं चालू राहील एवढी. ती महिन्यातून एकदा खरोखर चालवून बघा, पावसाळ्यातसुद्धा, आणि तीही कामाच्या दिवशी.